वाट गुगलने मोडलेली नाही

पेडण्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर लागला की शॅकचे बांबू पुन्हा उभे राहतात, भाड्याच्या खोल्यांना रंग लागतो आणि एक तक्रार ठरल्यासारखी कानावर येते. पावसाळ्यात साइट नव्या होस्टवर हलवली आणि तेव्हापासून गुगलवरून येणारे गिऱ्हाईक आटले. हरमल, मांद्रे, मोरजीचे होमस्टेवाले हे सांगतात. डिचोली-साखळीकडे दुकानाची, शिकवणीची किंवा देवस्थानाची साइट सांभाळणारेही हेच सांगतात. निदान सगळ्यांचे एक: होस्ट बदलला की गुगल साइटला खाली ढकलतो. उपायही एक: आहे तिथेच पडून राहा.

निदान चुकीचे आहे. उपाय त्याहून वाईट आहे, कारण तो ऐकणाऱ्याचे पुढच्या खेपेला आणखी मोठे नुकसान होते. तरी हा समज टिकून आहे, कारण तो सगळ्यांच्याच सोयीचा आहे. साइट हलवून देणाऱ्या वेबवाल्याला आपले काम पुन्हा तपासावे लागत नाही. मालकाला आपण काय नेले आणि काय मागे राहिले हे आठवावे लागत नाही. जुन्या होस्टला गिऱ्हाईक धरून ठेवायला आयती भीती मिळते. दोष कॅलिफोर्नियातल्या कंपनीवर टाकला की गावात कुणाचे कुणाशी बिनसत नाही.

आधी शब्द साफ करून घेऊ. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. होस्ट म्हणजे ती साइट जिथे ठेवली आहे ती भाड्याची खोली. डीएनएस म्हणजे कोणता पत्ता कोणत्या खोलीकडे नेतो हे लिहून ठेवलेली वही. पत्ता तोच ठेवून खोली बदलता येते. वहीतल्या एक-दोन ओळी बदलल्या की काम झाले. वाचकाला काही कळत नाही, त्याने जपून ठेवलेली लिंकही चालते. गुगलने जी यादी बांधली आहे ती पत्त्यांची आहे, आणि तीही डोमेनची नव्हे, प्रत्येक पानाच्या पूर्ण पत्त्याची. इतरांनी दिलेल्या लिंका, वर्षानुवर्षे मिळालेला भरवसा, सगळे त्या त्या पानाच्या पत्त्यावर जमा असते. पत्ता टिकला तर ठेव टिकते. पत्ता बदलला आणि निरोप ठेवला नाही, तर ठेव बेवारस होते.

जागा बदलूनही वाट कशी राखायची, हे डिचोली तालुक्याला नव्याने सांगायला नको. सप्तकोटेश्वर हा कदंबांचा कुलदेव. त्याचे जुने देऊळ मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या नार्व्यात होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, तेव्हा लिंग नदीपलीकडे, त्या काळी आदिलशाहीत असलेल्या डिचोलीच्या मुलखात नेले गेले. आज नदीच्या दोन्ही काठांना नार्वे आहे. १६६८ साली शिवाजी महाराजांनी डिचोलीकडच्या नार्व्यातल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. राज्य सरकारने दुरुस्त केलेले हेच देऊळ फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देवांची जागा बदलली, राज्ये बदलली, आणि तरीही कुळावी चुकले नाहीत. देव कुठे नेला हे सांगणारी माणसे होती, आणि तो निरोप एका पिढीने दुसरीला दिला.

इंटरनेटवर या निरोपाला ३०१ म्हणतात. कुणी जुन्या पत्त्यावर आले की सर्व्हर सांगतो, हे पान कायमचे हलले, नवा पत्ता हा. माणूस एका क्षणात नव्या पानावर पोहोचतो आणि पाने वाचत फिरणारा गुगलचा क्रॉलरही जुन्या पत्त्याची ठेव नव्या पत्त्याच्या नावे लिहितो. निरोप ठेवला नसेल तर सर्व्हर ४०४ म्हणतो, म्हणजे असे पान इथे नाही. क्रॉलर पुन्हा येऊन पाहतो, पुन्हा तेच उत्तर मिळते, आणि काही काळाने तो पत्ता यादीतून काढला जातो. यात कुणाला शिक्षा झालेली नसते. दार बंद दिसले म्हणून पाहुणा परत गेला, इतकेच.

आता या समजाच्या बाजूने जे जे मांडले जाते ते एकेक घेऊ.

पहिले म्हणणे असे, की नव्या होस्टकडे गुगल संशयाने बघतो. साइटमालकांसाठी गुगलने जी मार्गदर्शिका ठेवली आहे तिच्यात स्थलांतराचे दोन वेगळे प्रकार केले आहेत: पत्ते तेच राहून केवळ होस्ट बदलणे, आणि पत्तेच बदलणे. पहिल्या प्रकारात गुगलला कळवावे लागेल असे काही नाही. सर्च कन्सोल या गुगलने साइटमालकांना दिलेल्या साधनातली पत्ताबदलाची सोय त्यासाठी नाहीच. फक्त एक गोष्ट मान्य केली आहे. स्थलांतर होताच क्रॉलरच्या फेऱ्या तात्पुरत्या कमी होतात आणि पुढच्या काही दिवसांत पुन्हा वाढत जातात. नवा सर्व्हर किती भार सोसेल हे ठाऊक नसल्याने क्रॉलर बेताने चालतो. विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच. फेऱ्या कमी होणे म्हणजे क्रमांक घसरणे नव्हे. टपालवाला आठवड्यातून दोनदाच आला म्हणून घराची किंमत उतरत नाही.

दुसऱ्या प्रकारातही, म्हणजे पत्ते बदलले तरी, गुगलचे सांगणे स्पष्ट आहे. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पाने नव्या पत्त्यांवर यायला काही आठवडे लागू शकतात, त्या काळात क्रमांक वरखाली होतात, आणि जुन्या पत्त्यांवरचे निरोप किमान एक वर्ष ठेवावेत. अशा प्रत्येक निरोपामागे, म्हणजे रीडायरेक्टमागे, थोडी पुण्याई गळते, असा जुन्या जाणकारांचा समज होता. गुगलच्या गॅरी इलिएस यांनी जुलै २०१६ मध्येच जाहीरपणे सांगितले की अशा रीडायरेक्टमुळे पेजरँक, म्हणजे लिंकांमुळे पानाला मिळालेले वजन, घटत नाही. तरीही अनेक वेबवाले आजही गिऱ्हाइकाला गळतीचीच गोष्ट सांगतात.

दुसरे म्हणणे: सर्व्हर परदेशात गेला, म्हणून भारतातले वाचक तुटले. सर्व्हर कुठे आहे हा गुगलच्या लेखी एक दुय्यम इशारा आहे, निर्णायक खूण नाही. डोमेनच्या शेवटी असलेले देशाचे नाव त्याहून ठळक. पण या म्हणण्याची उलटी बाजू मात्र खरी आहे आणि तीच कुणी तपासत नाही. गुगलचा क्रॉलर बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून फिरतो. नवा होस्ट घेताना कुणी हौशीने ‘फक्त भारतातून येणाऱ्यांनाच आत सोडा’ अशी सुरक्षेची भिंत लावली, तर त्या भिंतीबाहेर पहिला उभा राहतो तो गुगलच. पेडण्यात बसून पाहणाऱ्या मालकाला साइट झकास चाललेली दिसते. तो स्वतःच्या फोनवरून पानामागून पान उघडून दाखवतो. आणि गुगलला मात्र प्रत्येक खेपेला दार बंद मिळते.

रोबॉट्स फाइलचे असेच. क्रॉलरने कुठे जावे आणि कुठे जाऊ नये हे त्या छोट्या फाइलीत लिहिलेले असते, आणि आत शिरण्यापूर्वी तो ती मागतो. ती फाइल मागताना नवा सर्व्हर सतत ‘माझ्यात बिघाड आहे’ असे उत्तर देत असेल, तर गुगल आधी साइटवर फिरणेच थांबवतो आणि मग ३० दिवसांपर्यंत जुनी प्रत वापरून काम चालवतो. मालकाच्या डोळ्यांना हे कधीच दिसणार नाही, कारण माणूस ती फाइल उघडत नाही. सर्च कन्सोलमध्ये ते दिसते. पण सर्च कन्सोलच्या ओळखीसाठी जुन्या सर्व्हरवर ठेवलेली फाइल पुष्कळदा जुन्या सर्व्हरवरच राहून जाते, आणि ओळख पुसली की खिडकीही बंद होते.

तिसरे म्हणणे सर्वांत जोरात केले जाते: ‘बाकी काहीच बदलले नाही, फक्त होस्ट बदलला.’ हे वाक्य बोलणाऱ्याला मनापासून खरे वाटते, आणि ते क्वचितच खरे असते. होस्ट बदलायचाच आहे तर थीमही नवी घेऊ, पाने जरा नीटनेटकी करू, पत्ते सुटसुटीत करू, असे होतच जाते. गोव्यात त्याला एक खास फोडणी आहे. इथे प्रत्येक गावाला दोन नावे: हरमल आणि आरंबोल, डिचोली आणि बिचोलिम, पेडणे आणि पेर्नेम, मये आणि मायेम, हरवळे आणि आर्वालेम. जुन्या साइटवर पानाच्या पत्त्यात ‘आरंबोल’ असते. नवा वेबवाला स्वाभिमानाने म्हणा, नीटनेटकेपणासाठी म्हणा, ‘हरमल’ करतो. गावकऱ्याच्या लेखी गाव तेच आहे. संगणकाच्या लेखी तो दुसराच पत्ता आहे, आणि जुन्या पत्त्यावर पाटी लावलेली नाही.

मराठीतून लिहिणाऱ्याची अडचण तर आणखी बारीक आहे. गुगलच्या ब्लॉगरवर पूर्ण देवनागरीत शीर्षक दिले की पत्त्यात ते येतच नाही; त्या जागी ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा येतो. तोच मजकूर वर्डप्रेसवर आणला की पत्ता शीर्षकावरून नव्याने घडतो. म्हणजे दहा वर्षांत लिहिलेल्या प्रत्येक लेखाचा पत्ता एका दुपारीत बदलतो. आणि तो नवा पत्ताही धड नसतो. पत्त्यात देवनागरीतले प्रत्येक चिन्ह संगणकी सांकेतिक रूपात लिहिताना नऊ जागा खाते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. वर्डप्रेस शीर्षकावरून घडवलेल्या भागाला २०० जागा देतो. हिशेब करून पाहावा. ‘पेडण्याच्या भगवती मंदिरातील दसरोत्सव’ हे शीर्षक घेतले तर पहिल्या शब्दात ११ चिन्हे, म्हणजे ९९ जागा. दुसऱ्यात पाच, म्हणजे ४५. मधल्या दोन जोडरेघा धरून झाले १४६. उरल्या ५४ जागा, त्यात सहा चिन्हे मावतात. पत्ता ‘पेडण्याच्या-भगवती-मंदिरा’वर येऊन तुटतो. दसरोत्सव त्यात नाहीच.

आता याच मंदिराविषयी दुसरा लेख असेल आणि त्याच्याही शीर्षकाचे पहिले तीन शब्द हेच असतील, तर तोही त्याच जागी तुटणार आणि वर्डप्रेस त्याच्या शेपटीला २ जोडणार. पुन्हा कधी मजकूर हलवताना पत्ते शीर्षकांवरूनच नव्याने घडले आणि लेखांचा क्रम उलटा लागला, तर दोघांचे पत्ते आपसात बदलू शकतात. मग हरवलेल्या वाचकाचा शोध गुगलच्या धोरणात घेणे म्हणजे चावी अंगणात पडली असताना ती भरतीच्या पाण्यात शोधण्यासारखे आहे.

आणखी एक खूण. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर एक छोटी चौकट असते. तिच्यावर टिचकी मारली की शोधयंत्रांना सांगितले जाते, ही साइट यादीत घेऊ नका. नवी साइट बांधताना वेबवाला ती मुद्दाम लावतो, कारण अर्धवट काम गुगलने उचलू नये. ते योग्यच आहे. काम संपले, पैसे मिळाले, साइट खुली झाली, आणि चौकटीतली खूण तशीच राहिली, की काही आठवड्यांत पाने एकेक करून यादीतून निघू लागतात. मालक म्हणतो गुगलने काढले. गुगलने काढले हे खरे, पण मालकाच्याच साइटने लेखी विनंती केली म्हणून.

चौथे म्हणणे तर्काचे रूप घेऊन येते: हलवण्याआधी गिऱ्हाईक होते, हलवल्यावर गेले, याहून वेगळा पुरावा कशाला? पेडण्यात तरी हा पुरावा मुळीच चालत नाही. साइट हलवायला सवड कधी मिळते? पावसाळ्यात. मे संपता संपता शॅक उतरतात, समुद्रात उतरायला मनाई होते, खोल्या रिकाम्या पडतात. मालक निवांत होतो आणि दोन वर्षे रखडलेले साइटचे काम हाती घेतो. याच दिवसांत हरमलला खोली शोधणारी माणसेही कमी होतात. जूनची तुलना मेशी केली तर घट दिसणारच. होस्ट बदलला असता तरी आणि नसता तरी. जूनची तुलना जूनशीच करायला हवी. सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवते ती यासाठीच उपयोगी पडते.

२०२३ चा पावसाळा तर या गोंधळासाठी मुद्दाम रचल्यासारखा होता. ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडणे तालुक्यातल्या मोप येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. तोवर हरमलला येणारा पाहुणा दाभोळीच्या विमानतळावर उतरून जुवारी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या ओलांडून येत असे. मोपहून येताना यातली एकही ओलांडावी लागत नाही. ज्याच्या साइटवरचे सर्वांत चालणारे पान ‘दाभोळीहून हरमलला कसे यावे’ हे होते, त्याचे वाचक घटले तर त्यात होस्टचा काय संबंध? लोकांनी विचारायचा प्रश्नच बदलला. त्यात भर म्हणून, वर्षानुवर्षे वापरात असलेल्या युनिव्हर्सल अ‍ॅनॅलिटिक्स या गुगलच्या मोजणीयंत्राने १ जुलै २०२३ पासून साध्या साइटांची नवी नोंद घेणे थांबवले. ज्यांनी नवी मोजणी जोडली नव्हती त्यांचा आलेख जमिनीला टेकला. वाचक येत होते, मोजणारा निघून गेला होता.

नव्या थीममध्ये मोजणीची ओळ चिकटवायची राहिली तरी हेच होते. त्याहून फसवे प्रकरण ईमेलचे. डीएनएसच्या वहीत साइटच्या ओळीखेरीज टपालाच्याही ओळी असतात. होस्ट बदलताना आख्खी वही नव्याने लिहिली आणि टपालाच्या ओळी गळाल्या, की बुकिंगची विचारणा करणारी पत्रे पोहोचत नाहीत. साइट पहिल्यासारखीच दिसते, गुगलमध्ये क्रमांकही तोच असतो, आणि मालक मात्र सांगत फिरतो की गुगलवरून येणारी विचारणा थांबली.

डिचोलीचे उदाहरण आणखी सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. टिपरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाची साइट त्या एप्रिलमध्ये कुणी हलवली असती, तर तिचे वाचक कुठल्या कारणाने गेले म्हणायचे? धूळ बसली होती, ट्रक दारात उभे होते, आणि सुटा भाग शोधायलाच कुणी उरले नव्हते. ही माहिती आलेखात मिळत नाही, रस्त्यावर मिळते. स्वतःचा तालुका ओळखणाऱ्या माणसाने ती विसरावी हे आश्चर्य आहे.

राहिले पाचवे म्हणणे, तेच सर्वांत धोक्याचे: म्हणून हलूच नये. जणू न हलणे आपल्या हातात आहे. गुगलने २०१२ मध्ये भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट.इन या देशी पत्त्याकडे वळवायला सुरुवात केली. त्या काळात मराठी लेखांच्या ज्या लिंका लोकांनी कॉपी करून इतरांना पाठवल्या, त्यांतल्या कित्येकांच्या शेवटी ते ‘इन’ होते. २०१८ मध्ये हे वळवणे थांबले. २०२० मध्ये ते डोमेन गुगलच्या हातून सुटून दुसऱ्याच्याच ताब्यात गेले आणि त्या नावाने फिरणाऱ्या जुन्या लिंका निकामी झाल्या. लेखकांनी एकही वीट हलवली नव्हती.

लहान धंदेवाल्यांना याहून जवळचा अनुभव मार्च २०२४ मध्ये आला. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बांधता येणाऱ्या, ‘बिझनेस.साइट’ अशा शेपटीच्या साइट गुगलने त्या महिन्यात बंद केल्या. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला १० जून २०२४ पर्यंत प्रोफाइलकडे वळवले जात होते, त्यानंतर तो पत्ता संपला. ज्यांनी दुकानाच्या पाटीवर, कार्डावर, रिक्षाच्या पाठीवर तो पत्ता छापून घेतला होता, त्यांनी काय करावे? गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने बेदखलीपासून संरक्षण दिले. इंटरनेटवरच्या मुंडकाराला असा कायदा नाही. दुसऱ्याच्या डोमेनखाली राहणाऱ्याला एक दिवस उठावे लागते, आणि उठताना निरोपाची पाटी लावण्याचा हक्कही त्याचा नसतो, कारण ते दार त्याचे नव्हतेच.

हा प्रश्न एका तालुक्याचा किंवा एका भाषेचा नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाल्याचे आढळले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले होते, की चांगले पत्ते बदलत नसतात, पत्ते बदलतात ती माणसेच. पेडण्यातल्या होमस्टेवाल्याने बर्नर्स-ली यांचा तो लेख वाचलेला नसेल. त्याच्याकडून पैसे घेऊन साइट हलवणाऱ्याने तरी वाचायला हवा होता.

यातून गुगल निर्दोष सुटतो असे कुणी समजू नये. त्याच्यावर रागावण्याची सबळ कारणे आहेत. शोधक्रम ठरवण्याच्या पद्धतीतला मार्च २०२४ चा मुख्य बदल ४५ दिवस चालला, आणि त्याआधी सप्टेंबर २०२३ च्या ‘उपयुक्त मजकूर’ नावाच्या बदलाने जगभरच्या अनेक लहान प्रवाससाइटांचे वाचक एका झटक्यात घटले, दाद मागण्याची सोय न ठेवता. ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधनिकालांच्या माथ्यावर यंत्राने लिहिलेली उत्तरे येऊ लागली आहेत. मये तलावाला कसे जायचे याचे उत्तर तिथेच मिळाले तर तलावाची माहिती मुळात लिहिणाऱ्याच्या साइटवर कोण जाणार? या गोष्टींवर जरूर भांडावे. पण भांडायचे तर खऱ्या मुद्द्यावर. घसरण अशा एखाद्या बदलाच्या तारखांना सुरू झाली असेल तर होस्ट परत बदलून उपयोग नाही, आणि घसरण ४०४ मुळे असेल तर गुगलला शिव्या देऊन उपयोग नाही. होस्टचा दोषही कधी खरा असतो: सर्व्हर इतका मंद की पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो, किंवा दिवसेंदिवस बिघाडाचेच उत्तर देतो. तेही आकड्यांत दिसते, आणि तेव्हा होस्ट बदलणे हाच उपाय असतो. म्हणजे ‘हलू नका’ हा सल्ला नेमका उलटा पडतो.

मुद्दा शेवटी जबाबदारीचा आहे. घर बांधणाऱ्या गवंड्याकडून आपण चाव्या मोजून घेतो. साइट हलवणाऱ्याकडून काय घ्यायचे हे मात्र ठाऊक नसते, आणि तो आपण होऊन देत नाही. कित्येकदा डोमेनही त्या वेबवाल्याच्याच नावावर असते आणि मालकाला ते त्याच्याशी बिनसल्यावर कळते. अशा व्यवहारात वाचक हरवले तर पहिला प्रश्न गुगलला विचारायचा नसतो.

तेव्हा पेडणे-डिचोलीच्या साइटमालकांनी शेवटचा हप्ता देण्याआधी वेबवाल्याकडून चार गोष्टी समोर बसवून करून घ्याव्यात. डोमेन स्वतःच्या नावावर. जुन्या सगळ्या पत्त्यांची यादी, आणि प्रत्येकासमोर त्याचा नवा पत्ता. त्यातले वीस पत्ते तिथल्या तिथे उघडून पाहावेत. ‘यादीत घेऊ नका’ ही खूण काढल्याचे आणि सर्च कन्सोल चालू असल्याचे डोळ्यांनी पाहावे. आणि नव्या साइटवर सगळे नीट येईपर्यंत जुना होस्ट बंद करू नये, त्यासाठी एक-दोन महिन्यांचे जादा भाडे भरावे लागले तरी भरावे. हे काम जूनमध्ये करावे, आकड्यांची तुलना मागच्या जूनशी करावी, आणि ऑक्टोबरात गिऱ्हाईक आले नाही तर आधी ती यादी काढून बसावे.